रक्तदाबाची घासाघीस

आयुष्यात दोन माणसांनी माझ्या तोंडावर माझ्या शब्दाबद्दल शंका घेतली. एक पुणतांब्याचा हेडी आणि दुसरी नगरची हृदयाची डॉक्टर. पहिल्याचा राग मी अडीच वर्षं सांभाळला, दुसरीचा दोन महिने. दोन्ही राग चांगले खाऊनपिऊन अंगावर आलेले होते. जनावरं असती तर बाजारात भाव आला असता.

हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. मीही हेडीच. आमच्या भागात हा शब्द लोक तोंड जरा वाकडं करून उच्चारतात आणि गाय घ्यायची वेळ आली की चहा पाजून उच्चारतात. मी सोळा वर्षांचा असताना दुसऱ्यांचे बैल देवळाली प्रवऱ्याहून घोडेगावच्या बाजाराला पायी न्यायचो. आज माझ्या दावणीला स्वतःच्या संकरित गाई असतात आणि त्या टेम्पोतून जातात. मधल्या काळात मला कोणी काही फुकट दिलं नाही, मीही कोणाला दिलं नाही. या धंद्यानं मला एकच गोष्ट शिकवली. समोरचा जो आकडा सांगतो तो खरा नसतो. तो घासण्यासाठीच सांगितलेला असतो. जो सांगितलेल्या आकड्याला हो म्हणतो त्याला बाजारात गिऱ्हाईक म्हणत नाहीत, वेगळा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

पाच वर्षांपूर्वी गावातल्या डॉक्टरांनी माझं बीपी मोजलं, भुवया वर केल्या आणि रोज एक गोळी घ्यायला सांगितली.

मी घरी आलो. पानाची चंची उघडली, अडकित्ता काढला आणि सुपारीसारखी गोळी मधोमध कातरली. एक सांगितली म्हणजे अर्धीत भागत असणार, हे मला शिकवायला डॉक्टर लागत नव्हता. महिन्याने पुन्हा दाखवलं तर बीपी तिथंच. डॉक्टर म्हणाले, “दोन घ्या.” माझा संशय पक्का झाला. गिऱ्हाईक भाव पाडतंय असा वास आला की विकणारा भाव चढवतो, हे मी रोज बघत होतो. मी दोनाची एक केली. मग तीन झाल्या, त्याची मी दीड केली. पुढे नगरच्या हृदयाच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो तेव्हा गोळ्या पाच झाल्या होत्या. त्यातली एक लघवी जास्त व्हायची होती. ती तर मी पूर्णच वगळली. भर बाजारात एका हातात गाईचं दावं धरून माणसानं पुन्हा पुन्हा कुठं जायचं, हे ती गोळी बनवणाऱ्यानं बघितलेलं नसावं.

या काळात माझी सुपारी कडू लागायला लागली. मी वाण्याला दोष दिला. त्याच्याशी भांडून दुकान बदललं. नवीन दुकानाची सुपारीही कडू निघाली, तेव्हा सगळा नगर जिल्हाच लबाड झाला, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “व्हय, तुमी सोडून समदे.” ती असं बोलते. गेली पस्तीस वर्षं बोलते.

आता पुणतांब्याच्या हेड्याचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचा सौदा बोलून होत नाही. दोन हेडी समोरासमोर उभे राहतात, एकाच्या खांद्यावरचा पंचा दोघांच्या उजव्या हातांवर टाकतात, आणि पंच्याखाली बोटं बोलतात. एक बोट दाबलं म्हणजे एक, चार बोटं म्हणजे चार, अंगठ्यासकट अख्खा पंजा दिला म्हणजे पाच. हजार की दहा हजार, ते जनावर बघून दोघांना कळतंच. भोवती वीस माणसं उभी असतात, पण कोणाला काही दिसत नाही. वर आम्ही पावसापाण्याच्या गप्पा मारत असतो, खाली बोटं भांडत असतात. पंचा निघाला की सौदा संपला. मग कोणी मागे फिरायचं नाही. लिहिलेलं काही नसतं, साक्षीदार नसतो, फक्त दोन हात असतात. म्हणून हात फिरवणारा, म्हणजे दिलेल्या आकड्यावरून मागे जाणारा माणूस बाजारातून उठतो.

अडीच वर्षांपूर्वी घोडेगावात त्याच्याकडे एक गाभण गाय होती. पहिल्या नजरेत भरावी अशी. पंचा पडला. मी चारावर थांबलो. अंगठा बाजूला धरून चार बोटं त्याच्या तळहातावर दाबली. त्यानं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं, पंचा ओढला आणि मोठ्यानं म्हणाला, “दिली!”

मी म्हणालो, “चारात.”

“चार कुठलं? पंजा दिला तुमी.”

“अंगठा कुठं लावला मी?”

“पाव्हणं, अंगठा पार माझ्या मनगटावर हुता. लई जड पडला हुता. मीच म्हनलं, आज पाव्हणं सढळ झालं.”

मी चिडलो. मी चिडतो तेव्हा अर्धवट चिडत नाही. त्याच्या तीस वर्षांच्या धंद्याचा आणि त्याच्या गावच्या पाण्याचा सगळ्या बाजारादेखत उद्धार केला. लबाड म्हणालो. गाय तिथंच सोडून टेम्पोत जाऊन बसलो. मागून त्याचा आवाज आला, “हात फिरवला! बगा, हात फिरवला!”

घरी आलो. बायकोनं चहा दिला, तो मी कपातून निम्मा शर्टावर सांडला. तिनं विचारलं, “हाताला काय झालं?” मी सांगितलं, “राग आलाय.” जीभही जरा जड वाटत होती. तीही रागानंच. सकाळी उठलो तर सगळं ठीक. राग तेवढा शिल्लक होता.

त्यानंतर बाजारात लोक माझ्याशी पंच्याखाली सौदा करायला कचरायला लागले. “तोंडानंच बोला की शेठ,” म्हणायचे. हेड्याला तोंडानं बोला म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. तीस वर्षं हातावर मिळवलेलं नाव त्या एका माणसानं एका आरोळीत घालवलं होतं. तो समोरून आला की मी गाईच्या आडून जायचो. मी घाबरून जात नव्हतो, मारामारी होऊ नये म्हणून जात होतो.

बीपी मात्र पाच गोळ्या लिहूनही उतरत नव्हतं. नगरच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. डोळ्याचा पडदा तपासायला पाठवलं, लघवी तपासली, मूत्रपिंडाची सोनोग्राफी केली. दर वेळी कागद बघून शेवटी विचारायच्या, “काका, गोळ्या नियमित घेता ना?”

“रोज घेतो.” हे खरं होतं. रोजच घेत होतो.

“आता जपायला हवं. असंच राहिलं तर एक दिवस हात-पाय जातील.”

हे वाक्य मला लागलं. पाय गेला तर माणूस टेम्पोत बसून बाजाराला जाऊ शकतो. उजवा हात गेला तर माझं काय उरतं? नाव गेलंच होतं, ते पुन्हा मिळवायचं तर त्याच हातानं मिळवायचं होतं.

तेवढ्यात भिंगारच्या एका गवळ्यानं मला त्याच्या मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. मांडीच्या रक्तवाहिनीतून एक बारीक तार आत घालतात, मूत्रपिंडापर्यंत नेतात, तिथल्या नसा जाळतात, आणि न उतरणारं बीपी उतरतं. पुण्यात करतात म्हणे. मला हे एकदम पटलं. गोळी म्हणजे रोजचं भाडं. हा एकदाचा सौदा. तार घाला, नसा जाळा, पंचा काढा, मोकळे व्हा. मी मॅडमकडे गिऱ्हाईक म्हणून गेलो, रुग्ण म्हणून नाही.

“मॅडम, मला ते नसा जाळायचं करायचंय. बोला.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “कुठं ऐकलंत?”

“ऐकलं. माल कसा आहे ते सांगा.”

त्या शांतपणे सांगायला लागल्या. मूत्रपिंडाला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या भोवती बारीक मज्जातंतूंचं जाळं असतं. मेंदू आणि मूत्रपिंड त्यातून एकमेकांना निरोप पाठवतात, दाब वाढव, मीठ-पाणी धरून ठेव. काही लोकांत हे निरोप गरजेपेक्षा जास्त जातात. तारेच्या टोकातून आतून उष्णता देऊन किंवा ध्वनिलहरी सोडून त्या तंतूंना निकामी करतात. रक्तवाहिनी तशीच राहते.

“म्हणजे मेंदू आणि मूत्रपिंडाच्या मधले दलाल जाळायचे.”

“असं म्हणा हवं तर.”

मी आयुष्यभर मधला माणूस म्हणून जगलो, त्यामुळे हे जाळणं मला जरा खटकलं. पण सौद्यात भावना आणायची नसते.

“किती उतरेल?”

“कुणाचं बऱ्यापैकी उतरतं, कुणाचं थोडं, कुणाचं हलतच नाही. कुणाचं उतरेल ते आधी खात्रीनं सांगता येत नाही. आणि उतरायला काही आठवडे, महिने लागतात.”

“आणि गोळ्या बंद?”

“बहुतेकांना चालूच ठेवाव्या लागतात. कमी झाल्या तर नशीब.”

गाय विकताना मी तीन वेळची धार काढून दाखवतो, सडं दाखवतो, दात दाखवतो, लाथ मारत असेल तर मागून उभा राहून ती लपवतो. ही बाई गिऱ्हाइकासमोर स्वतःच गाय भाकड निघू शकते म्हणून सांगत होती. असं दोनच विकणारे करतात. एक, ज्याला विकायचंच नाही, आणि दुसरा, ज्याच्यापुढं माझ्यासारख्यानं टोपी काढावी इतका मुरलेला. मी दुसराच धरला.

“मला पटलं. चिठ्ठी द्या पुण्याची.”

“देईन. पण पुण्याचे डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील की गोळ्या घेऊनही दाब उतरत नाही, हे तपासलंय का. ते मला तपासावं लागेल. तुम्ही उद्या सकाळी सगळ्या गोळ्या घेऊन इथं या. सिस्टरसमोर घ्यायच्या, आणि चार तास इथंच बसायचं. आम्ही दाब बघत राहू.”

“म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?”

“सगळ्यांचं असंच करतो, काका.”

सगळ्यांचं. हा शब्द पोलीसही वापरतात. मी खुर्ची मागे सारून उठलो आणि बाहेर येऊन बायकोला म्हणालो, “ही पोरगी मला लबाड ठरवती. उद्या हिला दाखवतो.”

बायको म्हणाली, “दाखवा की.” ती एवढं थोडं बोलते तेव्हा मला जास्त सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला पांढरा शर्ट आणि वर कोट घालून गेलो. सिस्टरनं गोळ्या हातावर ठेवल्या. पाच. अख्ख्या. एवढ्या अख्ख्या गोळ्या एका जागी मी प्रथमच बघत होतो. क्षणभर हात चंचीकडे गेला, पण सिस्टर बघत होती. मनात म्हणालो, एक दिवसाचा प्रश्न आहे. भाव पूर्ण देऊन टाकू, आकडा जागचा हलणार नाही, मॅडमचं तोंड बंद होईल. पाचही गिळल्या. जीभ बाहेर काढून दाखवली, अगदी बैलाचे दात दाखवतात तशी.

पहिला तास मी ऐटीत बसलो. दुसऱ्या तासाला दोनदा लघवीला जाऊन आलो. तिसऱ्यांदा उठलो आणि भिंतीवरचं कॅलेंडर माझ्याकडे चालत आलं. पुढचं मला सिस्टरनं सांगितलं. म्हणाली, “तुम्ही ‘कोण ढकलतंय रे’ म्हणून ओरडलात आणि माझ्याच अंगावर आलात.”

डोळे उघडले तर मी पलंगावर, पाय उशांवर, हातात सलाईन, अंगावर हिरवी चादर. मॅडम मशीनकडे बघत होत्या. जे बीपी पाच वर्षं कोणाला दाद देत नव्हतं ते जमिनीला टेकलं होतं.

त्या वाकून हळूच म्हणाल्या, “काका, रोज पाच घेत असता तर आज असं झालं नसतं. आता खरा आकडा सांगा.”

उत्तर बायकोनं दिलं. तोंडानं नाही. तिनं माझ्या कोटाच्या खिशातून चंची काढली, तिच्यातून अडकित्ता काढला आणि मॅडमच्या हातात दिला. पात्यावर पांढरी भुकटी होती.

“कातरत्यात,” ती म्हणाली. “समद्या. मला वाटलं डॉक्टरनं सांगितलं असंल. मग सुपारी कडू लागती म्हनून वाण्याशी भांडले, तवा मला उमगलं.”

“मग बोलली का नाहीस?” मी पडल्या पडल्या ओरडलो, म्हणजे ओरडायचा प्रयत्न केला.

“बोल्ले असते तर अर्धंच ऐकलं असतं तुमी.”

सिस्टर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, डोळे मिटायला लावले, दात दाखवायला लावले, मग चादरीखाली हात घालून स्वतःचा हात माझ्या उजव्या हातात दिला.

“दाबा.”

वर चादर, खाली दोन हात. अंगात ताकद नव्हती, पण तीस वर्षांची सवय होती. मी चार बोटं दाबली.

“किती बोटं दाबलीत?”

“चार.”

“अंगठा?”

“बाजूला आहे.”

त्यांनी चादर उचलली. माझा अंगठा त्यांच्या मनगटावर पडलेला होता. लोळागोळा होऊन, जडपणे, जसा दुसऱ्याच कोणाचा असावा. मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो मला जाणवत नव्हता.

“पूर्वी कधी असं झालंय? हात जड, जीभ जड, थोडा वेळ?”

मी नाही म्हणणार होतो. बायको म्हणाली, “चहा सांडला हुता. गाईवरनं भांडन करून आले हुते त्या दिवशी.”

मॅडमनी त्याचा अर्थ सांगितला. त्या दिवशी मेंदूला थोडा वेळ रक्त कमी पडलं होतं. छोटा झटका. खूण मागे राहिली होती, ती एरवी झाकलेली असते. आज दाब एकदम उतरला म्हणून उघडी पडली. तासाभरात हात परत येईल. आलाही. डोक्याचा फोटो काढला, त्यात त्या बोलल्या तसा एक बारीक डाग निघाला. “ही पहिली सूचना होती,” त्या म्हणाल्या. “दुसरी सूचना असेलच असं नाही.”

मी ऐकत होतो, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. पार मनगटावर हुता. लई जड पडला हुता. हे मॅडम बोलल्या नव्हत्या. अडीच वर्षांपूर्वी पुणतांब्याचा हेडी बोलला होता, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. राग सांभाळून मोठा केलेला माणूसच जाणे, असा राग एका फटक्यात भाकड निघाला की कसं वाटतं. मी त्या दिवशी दवाखान्यातून निघताना मॅडमवरच चिडलो. दुसरं कोणी हाताशी नव्हतं.

पुण्याची चिठ्ठी त्यांनी दिली नाही. मी बरीच घासाघीस केली. म्हटलं, अर्ध्या नसा जाळा. त्या म्हणाल्या, “त्या उपचाराचा रस्ता बंद नाही. पण तो अख्ख्या गोळ्या घेऊनही ज्यांचा दाब उतरत नाही त्यांच्यासाठी आहे. तुम्ही अजून अख्खी गोळी खाल्लीय कुठं? दोन महिने खा. काही गोळ्या मोडल्या की भलतंच काम करतात, म्हणून एकही कातरायची नाही. मग चोवीस तास मशीन लावून बघू. तरी चढलेलं राहिलं तर मी स्वतः पुण्याला फोन करीन.” गोळ्या एकदम पाच नाहीत, एकेक वाढवत आणल्या. अडकित्ता त्यांनी टेबलाच्या खणात ठेवून घेतला. माल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला विकणाऱ्यानं परत पाठवलं आणि वर त्याचं हत्यार ठेवून घेतलं, असा सौदा मी तरी पाहिला नव्हता.

दोन महिने बायको समोर बसून गोळी द्यायची आणि जीभ बाहेर काढायला लावायची. तिला यात जरा जास्तच आनंद होत होता.

दोन महिन्यांनी मशीन लागलं. डाव्या दंडाला पट्टा, कमरेला डबी. दर अर्ध्या तासानं पट्टा फुगणार. फुगला की आहे तिथं थांबायचं. हात हलवायचा नाही, दुसराही नाही, बोलायचं नाही. माप चुकलं तर मशीन थोड्या वेळात पुन्हा फुगून बघतं. “बाकी रोजच्यासारखं वागा,” मॅडम म्हणाल्या. “घरी झोपून राहिलात तर उपयोग नाही.”

रोजच्यासारखं म्हणजे बाजार. मी घोडेगावला गेलो.

तो नेहमीच्या लिंबाखाली उभा होता. शेजारी एक गाभण कालवड. या वेळी मी गाईच्या आडून गेलो नाही. सरळ जाऊन उभा राहिलो. त्यानं माझ्याकडे न बघता कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला.

“त्याच गाईची हाय,” तो कालवडीला म्हणाला. हेडी काहीही सांगतो. पण चण तशीच होती.

मी खांद्यावरचा पंचा काढून पुढे केला.

आसपासचे चार-दोन लोक सरकून जवळ आले. तो पंच्याकडे बघत म्हणाला, “तोंडानं बोला की.”

“हातानंच बोलणार.”

त्यानं हात दिला. पंचा पडला. मी कालवडीचे दात बघितले नव्हते, कास बघितली नव्हती, चालवून बघितली नव्हती. पहिल्याच झटक्यात त्याच्या तळहातावर अख्खा पंजा ठेवला. अंगठ्यासकट. दाबून.

त्याचा हात आक्रसला. पंचाहत्तर दोष काढल्याशिवाय एका बोटावर न येणारा माणूस सलामीलाच पंजा देतोय, हे काहीतरी भलतंच आहे, हे त्याला कळलं. हळूच म्हणाला, “पाव्हणं, अंगठा चुकून लागला का?”

आणि नेमका पट्टा फुगला.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. हात हलवायचा नाही. बोलायचं नाही. पट्टा दंड आवळत होता, कमरेची डबी घुरघुरत होती, आणि मी त्याच्या हातात अख्खा हात देऊन दगडासारखा उभा. आयुष्यात मी त्या माणसापुढं एवढा वेळ गप्प राहिलो नव्हतो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. दुसरीकडे बघायलाही भीती वाटत होती, मान हललेली चालते की नाही ते विचारलं नव्हतं. पंच्याखाली त्याच्या बोटांनी माझा अंगठा चाचपला. एकदा. पुन्हा एकदा. मग ती थांबली.

पट्टा सुटला. मी श्वास सोडला.

“न्हाई,” मी म्हणालो. “तवा चुकून लागला हुता. आज लावलाय.”

मी थोडक्यात सांगितलं, हाताचं, चहाचं, डागाचं. गोळ्या कातरायचं सांगितलं नाही. सगळंच कोणी सांगतं का? त्यानं ऐकून घेतलं. माझा हात सोडला नाही.

“म्हंजी मी लबाड न्हवतो.”

“न्हवता.”

“आन् हे तुमी मला पंच्याखाली सांगताय?” त्याचा आवाज चढला. “शिव्या दिल्या तवा समद्या बाजाराला ऐकू गेल्त्या. माझ्या गावच्या पान्याला बोल्ला तुमी! आता कानात कुजबुजता व्हय?”

मी आजूबाजूला पाहिलं. वीसेक माणसं झाली होती. माझं डोकं तापायला लागलं. कोणावर ते मलाच ठरवता येईना. मग ओरडलो. माझा आवाज मोठा आहे, ती माझी एकमेव वडिलोपार्जित मिळकत. “ऐका! अडीच वर्षांमागं हात मी फिरवला हुता! पंजा मी दिला हुता! हा गडी खरा हुता!”

गाईंनी माना वळवल्या. कोणीतरी मागून म्हणालं, “आन् पानी?”

“पानीबी गोड हाय त्याच्या गावचं!”

लोक हसले. तोही हसला असावा, पण मी बघितलं नाही, कारण पहिलं माप चुकलं म्हणून मशीननं तेवढ्यात पुन्हा पट्टा फुगवला आणि मी तोंड उघडं ठेवूनच पुतळा झालो.

त्यानं पंचा ओढला. माझ्या खांद्यावर नीट घडी करून टाकला. म्हणाला, “दिली. पर सूट मागू नका आता. लई उशिरा आलाय.” मी मागितली नाही. कालवड टेम्पोत चढवताना दोघांनी मला हात दाखवून विचारलं, “शेठ, ती पांढरी बगायची का?” आणि विचारताना स्वतःच्या खांद्यावरचा पंचा सारखा केला.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी मशीनचा कागद टेबलावर पसरला. दिवसभराची ओळ सपाट, झोपेत आणखी खाली. एकाच ठिकाणी मात्र मधेच एक टोक आभाळाला गेलेलं.

“साडेअकराच्या सुमारास काय करत होता?”

“कालवड घेत होतो.”

“महाग पडली?”

“बरोबर पडली.”

त्यांनी माझा हात मागितला. मी चार बोटं दाबली, मग पाच. अंगठा सांगितलेल्या जागी होता. त्या म्हणाल्या, “नसांच्या उपचाराची गरज आज तरी नाही. आणि एवढा चांगला दाब राहिलाय तर पाचाच्या चार करून बघू.”

मी सावध झालो. मी काही बोललो नव्हतो, घासलं नव्हतं, उठून दारापर्यंत जाऊन परत आलो नव्हतो, आणि विकणारीण आपणहून खाली आली होती.

“पाचच राहू द्या,” मी म्हणालो.

“अहो, गरज नाही.”

“साडेचार तरी.”

त्यांनी खणातून अडकित्ता काढला, तो माझ्याकडे न देता बायकोकडे दिला, आणि चिठ्ठीवर चार लिहिलं. बायकोनं अडकित्ता पिशवीत तळाशी घातला.

परत येताना मी तिला म्हणालो की ही डॉक्टर काहीतरी लपवते आहे, एवढ्या सहज कोणी एक गोळी सोडत नाही. ती म्हणाली, “व्हय.” आणि पाण्याची बाटली उघडून माझ्या हातावर अख्खी गोळी ठेवली.